‘हो ना’ आणि ‘बरोबर’

माझा डावा कान लहानपणी फुटला. आधी गोवर येऊन गेला, मग कान वाहायला लागला, आणि तो वाहायचा थांबला तेव्हा त्यातून येणारा आवाज बंद दारापलीकडून कुणी बोलावं तसा झाला होता. उजवा कान ठणठणीत. त्यामुळे मी बहिरी अशी कधीच नव्हते. निम्मं बोलणं ऐकायची आणि उरलेलं अंदाजानं भरून घ्यायची. अंदाज बहुतेक वेळा खरा ठरायचा. चुकायचा तेव्हा मात्र चांगलाच चुकायचा.

सत्तरच्या दशकात मी नाशिकला नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले. शाळा वस्तीच्या कडेला, मागे मळा आणि मळ्यातून वाहणारा पाट. पहिल्याच वर्षी, ऐन श्रावणात, मी तिसरीच्या वर्गात फळ्यावर गणितं लिहीत होते. वर्ग माझ्या डाव्या हाताला. मागच्या ओळीतली एक मुलगी उभी राहून काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं, “बाई, माफ!” तिनं त्या दिवशी गृहपाठ आणला नव्हता, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

“बरं, माफ केलं. बस खाली.”

ती बसेना. तेवढ्यात तिच्या शेजारची उठली, “बाई, माफ!”

“तुलाही माफ. बस.”

बघता बघता सगळा वर्ग उभा. आता मला राग आला. मी खडू ठेवून वळले, “एकीला माफ केलं की सगळ्यांना हवं का?” असं म्हणाले, आणि मग मला दिसलं. भिंतीच्या कडेनं, महाराष्ट्राच्या नकाशाखालून, एक चांगली लांबलचक धामण आपल्या तंद्रीत दाराकडे चालली होती. पोरी इतका वेळ “साप, साप” म्हणत होत्या. खुर्चीवर सगळ्यांत आधी कोण चढलं असेल तर मी. धामण गेली, वर्ग हसून हसून लोळला, आणि पुढे मी शाळेच्या व्हरांड्यातून जायला लागले की कुठून तरी हळूच आवाज यायचा, “बाई, माफ.”

ही गोष्ट मीच घरी येऊन रंगवून सांगितली. आई हसली नाही. ती म्हणाली, “हे बाहेर कुणाला सांगू नकोस. तुझं लग्न जमवायचं आहे.”

त्या काळात मुलीच्या चष्म्याचीसुद्धा चर्चा व्हायची, तिथे कानाचं काय. आईचं धोरण ठरलेलं होतं. पाहुणे आले की मला अशी बसवायची की सगळे माझ्या उजव्या बाजूला येतील. मला मात्र ते पटत नव्हतं. आयुष्यभर ज्याच्याबरोबर बोलायचं त्याला आधी सांगून टाकावं, नाही पटलं तर नाही, असं माझं मत. मी ते आईला सांगितलं नाही एवढंच.

आम्ही तेव्हा जुन्या नाशकात राहायचो, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. मुलाकडचे मला बघायला आले तो रविवार होता आणि रविवारी गिरणीवर तोबा गर्दी. मुलगा अंबडच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करणारा. उंच, सावळा, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला. बरोबर त्याची आई, चांदवडकडच्या खेड्यातली, तोंडानं फटकळ पण डोळ्यांत हसू. चहापाणी झालं, बाबांनी नोकरीची चौकशी केली, आणि मग कुणीतरी म्हणालं की दोघांना जरा बोलू द्या. आम्हाला बाहेरच्या गॅलरीत पाठवलं. गॅलरी बरोबर गिरणीच्या डोक्यावर. खाली पट्टा फटफटत होता, जातं घरघरत होतं, आणि कठड्यावर पिठाचा पातळ थर बसलेला.

मी ठरवलंच होतं. घसा खाकरून, खाली बघत, एका दमात म्हटलं, “मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. तुम्हाला चालणार असेल तरच पुढे बोलू.”

ते गंभीरपणे म्हणाले, “बरोबर.”

एवढंच. ना प्रश्न, ना कपाळाला आठी. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मग ते बोलायला लागले. बराच वेळ बोलले. मला त्यातलं “प्रेस”, “आवाज” आणि “आई” एवढंच लागलं. बोलून झाल्यावर ते माझ्याकडे जरा काळजीनं बघायला लागले, तेव्हा काहीतरी म्हणायला हवं म्हणून मी माझ्या नेहमीच्या सवयीनं हसून म्हटलं, “हो ना.”

त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी आणखी काही विचारलं, मी “हो ना” म्हटलं. मी शाळेचं काही सांगितलं, ते “बरोबर” म्हणाले. असं आमचं छान चाललं होतं. आतून सगळे बघत होते. आम्ही आत आलो तेव्हा आई बाबांना म्हणत होती, “बघा, किती जमलं दोघांचं!”

पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांचं घर बघायला अंबडला गेलो. कारखान्यांच्या पलीकडे कामगारांची बैठी वस्ती होती. ओळीनं घरं, प्रत्येक घराला दोन खोल्या, मागे मोरी आणि छोटं अंगण. त्यांच्या आईला मी पुढे आत्या म्हणायला लागले, तर इथेही आत्याच म्हणते. आत्या मला हाताला धरून घरभर फिरवत होत्या, आणि नेमक्या माझ्या डाव्या बाजूनं चालत होत्या. आई-बाबा मागे. नवरदेव दाराशी उभे.

आत्यांनी विचारलं, “घर आवडलं का गं?”

मला ऐकू आलं, “वर आवडला का गं?” असं तोंडावर कुणी विचारतं का, असं मनात आलं. पण बाई मोकळ्या स्वभावाची दिसते, तर आपणही मोकळं उत्तर द्यावं. मी मान खाली घालून म्हटलं, “हो, आवडले.”

“लहान नाय ना वाटत?”

“लहान कसले? माझ्यापेक्षा मोठेच आहेत.”

आत्या जरा थबकल्या. “तुझ्यापरीस मोठं तर आसंलच की,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं आणखी काही चांगलं बोलावं. “उंचीही चांगली आहे.”

“हां, उंची लय हाय. पंखा लावला तरी डोक्याला लागायचा नाय.”

हे जरा विचित्र वाटलं. पण खेड्यातल्या बोलण्याची रीत असेल म्हणून मी पुढे म्हटलं, “आणि रंगाबद्दल माझी काहीच तक्रार नाही हं.”

“रंगाचं काय घेऊन बसलीस! दिवाळीला चुना मारून घेऊ की. पांढरं फेक दिसंल.”

मी दचकून दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे बघितलं. मागे आईला एव्हाना सगळा उलगडा झाला होता. ती पदर तोंडात कोंबून खोकल्यासारखं करत होती. बाबांनी मला बाजूला घेऊन उजव्या कानात सांगितलं, “घर, घर! घराचं विचारताहेत!” मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आत्यांना काही कळलं की नाही, कोण जाणे. पण निघताना त्यांनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाल्या, “पोरगी मोकळी हाय. मला आवडली.”

लग्न आमच्या वस्तीजवळच्या विहारात झालं. पांढरी साडी, पांढरे हार, आणि कर्कश लाउडस्पीकर. वंदना झाली, मग बौद्धाचार्यांनी दोघांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. आधी नवऱ्यामुलाच्या. ते एक वाक्य सांगायचे आणि यांनी मागून म्हणायचं. बौद्धाचार्य म्हणाले, “मी माझ्या पत्नीचा सन्मान राखीन.”

हे खणखणीत आवाजात म्हणाले, “मी माझ्या पत्नीचं सामान राखीन.”

विहारात खसखस पिकली. बौद्धाचार्यांनी शांतपणे पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. यांनीही पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं, “सामान राखीन.” पहिल्या रांगेतून आत्या ओरडल्या, “आरं, सामान बी राख आन् सन्मान बी राख!” तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. मला वाटलं, लाउडस्पीकरमुळे गोंधळ झाला, किंवा बिचारे घाबरले असतील. माझ्या बाजूच्या प्रतिज्ञांच्या वेळी मी बौद्धाचार्यांच्या ओठांवरून नजर हलवली नाही, आणि सगळं बिनचूक म्हटलं.

खरा उलगडा झाला तो लग्नानंतर पंधरवड्यानं. ते पहिल्या पाळीला होते, संध्याकाळी मोकळे. म्हणाले, चल, गंगेवर फिरायला जाऊ. आम्ही नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतो. शहराच्या बसनं आलो आणि घाटावरून चालायला लागलो. संध्याकाळची भाजीवाल्यांची गर्दी होती, नदी आमच्या डाव्या हाताला.

आता माझी अडचण अशी की बरोबरचा माणूस उजवीकडे असला तरच मला बोलणं नीट कळतं. ते माझ्या डाव्या बाजूनं चालत होते. म्हणून मी सहज केल्यासारखं दाखवून त्यांच्या मागून गेले आणि त्यांच्या डाव्या बाजूला आले. दोन पावलं गेलो नाही तर तेच माझ्या मागून फिरून माझ्या डावीकडे आले. मला वाटलं, नदीच्या बाजूला बायकोला चालू द्यायचं नाही असं काही असेल. थोडं थांबून मी पुन्हा त्यांच्या डावीकडे गेले. ते पुन्हा माझ्या डावीकडे आले. दोघंही हसून काहीबाही बोलत होतो, मी “हो ना” म्हणत होते, ते “बरोबर” म्हणत होते, आणि प्रत्येक वेळी आम्ही थोडे थोडे डावीकडे सरकत होतो.

मेथीच्या जुड्या मांडून बसलेली एक म्हातारी बराच वेळ आमच्याकडे बघत असावी. ती मोठ्यानं म्हणाली, “ओ पावनं! फुगडी खेळताय का पाण्यात चाललाय?”

तिचं ओरडणं दोघांनाही ऐकू आलं. आम्ही खाली बघितलं. मी घाटाच्या अगदी शेवटच्या पायरीवर होते आणि माझ्या डावीकडे यायच्या नादात त्यांची एक चप्पल पाण्यात भिजली होती.

मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, “तुम्ही सारखे या बाजूला का येता?”

ते चाचरत म्हणाले, “अगं, मला डाव्या कानानं नीट ऐकू येत नाही. तू उजवीकडे असलीस तर बरं पडतं.”

“तुम्हाला? डाव्या कानानं?”

“प्रेसचा आवाज. मशीन डाव्या हाताला आहे ना. वर्षानुवर्षं ठणठण. पण मी तुला बघायला आलो तेव्हा सगळं सांगितलं होतं! गॅलरीत! मी म्हटलं, माझा कान अधू आहे, पुढे वाढेलही, तुला चालणार असेल तरच होकार दे. तू हसून ‘हो ना’ म्हणालीस. मला वाटलं, काय मनाची मुलगी आहे!”

मी त्यांना एक पायरी वर ओढलं. मग म्हटलं, “मीही तुम्हाला तेच सांगितलं होतं.”

“काय?”

“माझाही डावाच कान कमी ऐकतो. तुम्ही ‘बरोबर’ म्हणालात.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांना जे हसू फुटलं ते थांबेचना. ते तिथेच पायरीवर बसले, भिजलेली चप्पल हातात घेऊन, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मीही बसले. मेथीवाली म्हातारी शेजारणीला म्हणत होती, “नवीन लगीन दिसतंय.” आम्ही तिच्याकडून दोन जुड्या घेतल्या आणि घरी येईपर्यंत बसमध्ये एकमेकांकडे बघून हसत राहिलो.

त्या रात्री जेवताना आत्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे मला आता दोघांपुढं वराडायचं व्हय?” आणि मग आम्ही घरात नियम केला. शेजारी बसून बोलायचं नाही, समोर बसायचं. ऐकू आलं नाही तर हात वर करायचा. आणि ‘हो ना’ आणि ‘बरोबर’ हे दोन शब्द खरोखर ऐकू आलं असेल तेव्हाच काढायचे.

नियम चांगला होता, पण दोघांच्या मध्ये भिंत आली की लंगडा पडायचा. एकदा यांचे दोन मित्र आले. बाहेरच्या खोलीतून यांनी आवाज दिला, “चहा टाक गं!” मला ऐकू आलं, “दहा टाक गं!” मला वाटलं, आज सगळी पाळीच घरी आली की काय. दहा कपांचं आधण ठेवलं. घरात कप पाच. शेजारच्या टेम्पोवाल्यांच्या घरून बाकीचे आणले. ते शेजारी द्राक्षं आणि कांदे वाहायचे, नवराबायको दोघंही मोठ्या मनाचे. ट्रे घेऊन बाहेर आले तर दोन माणसं बसलेली. हे ट्रेकडे बघतच राहिले. मग कपाळावर हात न मारता उठले आणि दारातून ओरडले, “या रे सगळे, चहाला या!” टेम्पोवाले आले, त्यांची बायको आली, समोरचे आजोबा आले, आणि तिन्हीसांजेपर्यंत आमच्या दारात गप्पा रंगल्या. वस्तीत आमचं घर चहासाठी प्रसिद्ध झालं ते असं.

मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण गिरणीवरच्या घराचा जिना अगदी उभा, आणि डॉक्टरीणबाईंनी जिना चढायला मनाई केलेली. म्हणून अंबडलाच राहायचं ठरलं. नववा महिना लागला तेव्हा आत्या कांदे काढायला म्हणून चार दिवसांसाठी गावी गेल्या. जाताना यांना बजावून गेल्या, “कळा सुरू झाल्या की एक मिनिट दवडू नको. टेम्पोवाल्याला सांगून ठेवलंय.” हे मान डोलवत राहिले.

आमच्याकडे पाणी सकाळी यायचं. नळ किती वेळ चालेल याचा नेम नसायचा, त्यामुळे पहिली धार दिसली की वस्तीभर हाकाटी. त्या सकाळी मी मागे मोरीत होते, हे पुढच्या दाराशी आरसा टांगून दाढी करत होते. नळ फुसफुसला आणि चांगला जोरात सुरू झाला. मला वाकवत नव्हतं. मी हाक मारली, “अहो, नळ आला! या लवकर!”

पुढे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. बहुतेक आरसा. हे अर्ध्या गालाला साबण तसाच घेऊन धावत आले. “आली? कळ आली?”

मला वाटलं, नळाचंच विचारताहेत. “हो, आला! भरा आधी!”

“भरतो, भरतो! धीर धर!” असं म्हणून त्यांनी बादली सोडून माझ्या कपड्यांची पिशवी भरायला घेतली. मला ते दिसलं नाही. मी मोरीतून पुन्हा ओरडले, “नळ, नळ!” त्यांना ते “कळ, कळ” ऐकू जात होतं, आणि मी जितकी जास्त ओरडेन तितके ते जास्त घाबरत होते. ते टेम्पोवाल्यांकडे पळाले. दोन मिनिटांत टेम्पोवाल्यांची बायको आणि आणखी एक शेजारीण माझ्याजवळ. मला वाटलं, बायका पाणी भरायला मदतीला आल्या.

टेम्पोवाल्यांच्या बायकोनं माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, “कळ आली का?”

मला अर्थातच नळच ऐकू आला. “हो ना! केव्हाचा!”

“आगं बया! जोर हाय का?”

“आज भलताच जोर आहे. एवढा कधीच नसतो.”

दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि मला दोन्ही दंडांना धरलं. मला वाटलं, माझी अवस्था बघून मला बसवताहेत, पाणी त्या भरणार. त्यांनी मला दारापर्यंत आणलं तेव्हा मी म्हटलं, “अहो, बादल्या आत आहेत.” टेम्पोवाल्यांची बायको मायेनं म्हणाली, “आसूं दे बाई, बादल्यांचं आम्ही बघू. तू आता फक्त स्वतःचं बघ.”

टेम्पोत अर्ध्या भागात कांद्यांच्या गोण्या होत्या. त्यावर गोधडी टाकून मला बसवलं. हे माझा हात घट्ट धरून समोर बसले, अर्ध्या चेहऱ्यावर साबण वाळलेला. टेम्पो सुरू झाल्यावर मी विचारलं, “आपण कुठे चाललोय?”

“दवाखान्यात! घाबरू नको!”

“कशाला?”

“कळ आली ना!”

आता ते माझ्या समोर होते, उजेडात होते, आणि त्यांचे ओठ मला दिसत होते. मी हात वर केला. म्हटलं, “अहो, नळ. नळ आलाय घरी. पाण्याचा.”

त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तोपर्यंत टेम्पो नाशिक रस्त्याला लागला होता, आणि पुढे केबिनमध्ये बसलेल्या टेम्पोवाल्यांना आमची हाक ऐकू जाईना. ते जीव खाऊन गाडी हाकत होते. शेवटी दवाखान्याच्या दारातच थांबले. नर्सबाईंनी तपासलं, म्हणाल्या, अजून वेळ आहे, घरी जा. मग नाक मुरडून म्हणाल्या, “कांद्याचा वास कुठून येतोय?”

घरी परतलो तर शेजारणींनी आमची सगळी भांडी, पिंप, हंडे, इतकंच काय डाळीचा डबासुद्धा रिकामा करून पाण्यानं भरून ठेवला होता.

यांनी त्या दिवशी शपथ घेतली की पुन्हा अशी फजिती होऊ द्यायची नाही. तिसऱ्या दिवशी आत्या परत आल्या. पाचव्या दिवशी, भर दुपारी, मी आतल्या खोलीत पडले होते आणि खरोखरची कळ आली. मी हाक मारली, “अहो, कळ आली!”

हे अंगणातून शांतपणे आले, मला डोळ्यांनी धीर दिला, दोन बादल्या उचलल्या आणि मोरीत गेले. मी पुन्हा ओरडले, “कळ आली हो!” तिकडून उत्तर आलं, “अगं, कोरडाच आहे. येईल, येईल. मी बसतो इथं.”

आणि ते खरंच कोरड्या नळासमोर पाट टाकून बसले. आत्या बाहेर गहू निवडत होत्या. माझ्या आवाजातला फरक त्यांना तिथून कळला. त्या सूप टाकून आत आल्या, माझं तोंड बघितलं, मोरीत गेल्या आणि लेकाच्या हातातून बादली ओढून ओरडल्या, “आरं, नळ नाय! कळ! ऊठ, बाप व्हतोयस!” ते वस्तीत सगळ्यांना ऐकू गेलं. टेम्पोवाल्यांनी या वेळी मात्र आधी घरात येऊन स्वतः खात्री करून घेतली, मगच गाडी काढली.

संध्याकाळच्या आत मुलगी झाली. नर्सबाई दारातून बाहेर डोकावून म्हणाल्या, “मुलगी झाली हो!” यांना ऐकू आलं, “सुट्टी झाली हो!” त्यांनी निमूटपणे पिशवी उचलली आणि पुन्हा परत पाठवताहेत असं समजून माझी वाट बघत उभे राहिले. नर्सबाई चक्रावल्या. आत्यांनी लेकाचं डोकं दोन्ही हातांनी धरलं, त्याचा उजवा कान आपल्या तोंडाशी आणला आणि म्हणाल्या, “लेक झाली तुला. लेक!” मग म्हणे हे पिशवी हातात धरूनच रडायला लागले, आणि रडता रडता हसायला लागले. मला हे सगळं आत्यांनी नंतर सांगितलं, बऱ्याच वेळा सांगितलं, प्रत्येक वेळी हावभावांसकट.

मुलगी वर्षाची झाल्यावर आत्यांनी आम्हाला बळेच कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर वयस्क, सौम्य बोलणारे, इतके सौम्य की आम्हा दोघांनाही पुढे वाकून बसावं लागत होतं. त्यांनी दोघांचेही कान तपासले. मग यांना विचारलं, “ऐकू न आल्यामुळे घरात भांडणं होतात का?”

हे म्हणाले, “हो, भरपूर आहेत. स्टीलची आहेत, थोडी पितळेची आहेत.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मलाही भांडीच ऐकू आली होती. मी म्हटलं, “पितळेची माझ्या माहेरची.”

डॉक्टर पेन खाली ठेवून हसले. म्हणाले, “मला उत्तर मिळालं.” मशीन लावायची तेव्हा गरज नव्हती. त्यांनी यांना कानात घालायला बोळे दिले, कामावर रोज वापरायचे म्हणून ताकीद दिली, आणि मला सर्दी झाली की दुर्लक्ष करू नका असं सांगितलं. हे बोळे घालून कामावर जायला लागले आणि त्यांचा कान पुढे जास्त बिघडला नाही. माझाही आहे तसाच राहिला.

मुलगी मोठी होत गेली. आमच्या घरात बोलणं शिकायचं म्हणजे काय शिकायचं, हे तिनं आम्हाला न विचारता ठरवलं होतं. आम्हाला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही वेगळं आहे असं वाटायचंच नाही. ती बालवाडीत जायला लागली त्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा टाकली आणि तिला न्यायला गेले. बालवाडीच्या बाई तरुण होत्या, नवीनच लागलेल्या. मला बघून त्या हसत उठल्या.

“तुमची मुलगी अजिबात रडली नाही हो,” त्या म्हणाल्या. “पण एक विचारू का? सकाळी तिला पाणी हवं होतं. मी दुसऱ्या मुलाच्या बुटाची नाडी बांधत होते. ती आली, माझी हनुवटी धरली, माझं तोंड स्वतःकडे वळवलं, डोळ्यांत बघितलं आणि अगदी सावकाश, मोठ्यानं म्हणाली, ‘पा-णी.’ मग विचारलं, ‘कळलं?’ दिवसभर प्रत्येकाशी ती असंच बोलतेय. आता सगळा वर्गच करायला लागलाय.”

मी आत बघितलं. सतरंजीवर वीसेक मुलं जोड्या जोड्यांनी समोरासमोर बसली होती, एकमेकांच्या हनुवट्या धरून, तारस्वरात काहीतरी सांगत होती. आणि सांगून झालं की विचारत होती, “कळलं?”

घरी आल्यावर मी हे यांना सांगितलं, समोर बसून, सगळ्या हावभावांसकट. त्यांना पहिल्या वेळीच सगळं ऐकू आलं. तरीही त्यांनी हात वर केला, कारण त्यांना ते पुन्हा एकदा ऐकायचं होतं.